रोहिणींतला पाऊस आणि घरची बाग

आपल्याकडे उन्हाळा हा केवळ ऋतु नसून गृहकृत्यांचें एक वेळापत्रकच आहे. चैत्रांत तिखट-मसाला, वैशाखांत वाळवणें, मोसम सरतां सरतां लोणचीं, आणि मृगाचे चार थेंब पडले कीं आळ्यांत वेलांचें बीं, हा क्रम ज्या घरांत कोणी लिहून ठेविलेला नाहीं त्या घरांतहि तो चुकत नाहीं. या साऱ्या क्रमाचा आधार एकच, ऊन. तें पडलें नाहीं तर काय करावयाचें, हें मात्र त्या वेळापत्रकांत कोठेंच सांगितलेलें नाहीं. इ. स. २०२५ च्या उन्हाळ्यानें हा प्रश्न महाराष्ट्रांतील अनेक घरांपुढें टाकला, आणि हवेचा एकंदर रोख पाहतां तो पुन्हा पुन्हा पुढें येणार असें दिसतें. म्हणून या महिन्याचीं पानें आम्ही त्या उन्हाळ्याच्या हिशेबास देत आहों.

त्या वर्षीं अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला आली. मे लागला आणि वळीव सुरू झाले. वळवाचा पाऊस आम्हां पुणेकरांस नवा नाहीं. दुपारभर तापावें, चारच्या सुमारास काळें आभाळ चढावें, धुळीचा लोट उठावा, अर्धा तास धो धो पडावें आणि रात्रीं पुन्हा चांदणें दिसावें, हा त्याचा स्वभाव. दुसऱ्या दिवशीं नवाच्या आंत गच्ची कोरडी. त्या खेपेस मात्र महिना उलटत चालला तसें आभाळ उघडण्याचें चिन्ह दिसेना. अरबी समुद्रांत कोंकण किनाऱ्यालगत कमी दाबाचें क्षेत्र तयार झालें, त्याचा जोर वाढला, आणि २४ मे रोजीं तें रत्नागिरीच्या बाजूनें किनाऱ्यावर आलें. त्याच दिवशीं मोसमी पाऊस केरळांत उतरला. नेहमींची तारीख १ जून. २६ मे रोजीं तो मुंबईस आणि पुण्यास पोंचल्याचें हवामानखात्यानें जाहीर केलें. याच खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें होतें, आणि त्यावरून त्या इमारतीस लोक अद्यापहि 'शिमला ऑफिस' म्हणतात. मुंबईची नेहमींची तारीख ११ जून, म्हणजे पाऊस पंधरवड्याहूनहि अधिक आधीं आला. देशभराची सरासरी घेतली तर १९०१ पासूनच्या नोंदींत एवढा ओला मे महिना दुसरा नाहीं. पंचांगाच्या भाषेंत सांगावयाचें तर सूर्यानें रोहिणींत पाऊल टाकलें आणि मृगाचा पाऊस दारांत उभा राहिला.

हवा एका अंशानें तापली कीं तींत सुमारें ७ टक्के अधिक वाफ मावते, आणि अरबी समुद्र तर गेल्या कांहीं दशकांत चांगलाच तापला आहे. तेव्हां वळीव अधिक जोरानें पडूं लागणें यांत आश्चर्य करण्यासारखें फारसें उरलेलें नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मेघांच्या गर्भधारणेपासून १९५ दिवसांनीं त्यांचा प्रसव, असा हिशेब मांडला आहे. तो हिशेब आज कोणी मानीत नाहीं. पण वारा, ढग आणि झाडांची फुलें यांच्याकडे डोळे लावून बसण्याची त्याची रीत आम्हांस भिंतीवरच्या दिनदर्शिकेपेक्षां अधिक शहाणपणाची वाटते.

आतां बागेकडे वळूं. वाड्यामागचें परस ज्यांच्या वांट्यास अजून राहिलें आहे त्यांचें भाग्य थोर. आम्हां बाकीच्यांची बाग म्हणजे गच्चीवरच्या तीस-चाळीस कुंड्या, दारांतलें लहानसें तुळशीवृंदावन आणि इमारतीच्या कुंपणाकडेची हातभर माती. अशा बागांतून त्या मे महिन्यांत पुष्कळ झाडें गेलीं. त्यांतील बहुतेक, आम्हांस वाटतें, पावसानें गेलीं नाहींत. तीं गेलीं रोजच्या पाण्यानें. उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी घालावें, हा नियम हाताच्या इतका अंगवळणीं पडलेला असतो कीं वरून आभाळ गळत असतांहि झारी हातांत येतेच.

कुंडींतल्या मुळांना जशी ओल लागते तशीच हवाहि लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानें भरून राहिल्या कीं मुळांना श्वास घेतां येत नाहीं. तीं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळाला पाणी ओढतां येत नाहीं. म्हणून पाण्यांत उभें असलेलें झाडहि तहानेल्यासारखी मान टाकतें. पाहणारास वाटतें, बिचाऱ्याला पाणी कमी पडलें. तो आणखी एक तांब्या ओततो आणि त्याचा शेवट करतो. तहानेलें झाड आणि बुडालेलें झाड यांतला भेद ओळखणें, एवढी एकच विद्या अशा उन्हाळ्यांत खऱ्या उपयोगाची. तहानेलें झाड दुपारीं मलूल होतें आणि पुष्कळदां संध्याकाळीं सावरतें. त्याची माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते, आणि कुंडी उचलून पाहिली तर हलकी लागते. बुडालेलें झाड सकाळींच मलूल असतें. त्याचीं खालचीं पानें आधीं पिवळीं पडतात, बुंधा मातीलगत मऊ होतो आणि मातीला कुबट वास येतो. बोट दोन पेरें मातींत खुपसावें. माती बोटाला चिकटून आली तर त्या दिवशीं झारीला सुटी.

हा नियम सर्वांना पटतो, फक्त तुळशीपाशीं येऊन अडतो. आमच्या घरीं तो चांगला आठवडाभर अडला होता. ही तुळस आजींची. फार वर्षांपूर्वीं त्यांनीं माहेरच्या वृंदावनांतल्या मंजिऱ्या पदराच्या गांठींत बांधून आणल्या होत्या. माहेरचा तो वाडा पुढें पडला, जागा विकली गेली. आतां या रोपाखेरीज तिकडची दुसरी खूण घरांत नाहीं. एक रोप थकलें कीं त्याच्याच बियांचें दुसरें लावावयाचें, असा हा वंश चालत आलेला. पावसाच्या चौथ्या दिवशीं तुळशीनें मान टाकली. धाकट्या सूनबाईंनीं बोट घालून माती पाहिली.

"आजी, दोन-चार दिवस पाणी नका घालूं. खाली नुसता चिखल झालाय."

"तुळशीचं पाणी कधी कोणी बंद केलंय का गं?" आजी म्हणाल्या. "सुतकांतसुद्धां शेजारणीला सांगून घातलंय मी."

सूनबाई गप्प बसल्या. त्यांचें म्हणणें खरें होतें आणि आजींचेंहि. तें पाणी आजींच्या लेखीं झाडाला घातलेलें पाणी नव्हतेंच. तो त्यांच्या दिवसाचा आरंभ होता, आणि तो आरंभ कोणी वनस्पतिशास्त्राच्या आधारानें काढून घ्यावा हें आम्हांसहि बरें वाटेना. रोप मात्र रोज अधिकाधिक काळवंडत चाललें. वाट सांपडली ती शेवटीं आजींनाच. एके सकाळीं त्या तांब्याऐवजीं देवघरांतली पळी घेऊन आल्या, पळीभर पाणी वृंदावनाच्या कडेला सोडलें, नमस्कार केला, आणि सूनबाईंकडे न पाहतांच म्हणाल्या, "देवाला आचमन पळीनंच देतात. तिलाही पळी पुरे." मग कोणीतरी वृंदावनाच्या तळाशीं वांकून पाहिलें. रंगकामाच्या वेळीं गवंड्यानें पाणी जाण्याचें भोंक सिमेंटनें लिंपून टाकलें होतें! सळईनें तें मोकळें केलें तेव्हां पेलाभर काळें पाणी बाहेर आलें. मूळ रोप वांचलें नाहीं. त्याचे पांच कोंवळे शेंडे सूनबाईंनीं आधींच ओल्या वाळूंत खोंचून सावलींत ठेविले होते. त्यांतले दोन धरले. वृंदावनांत हल्लीं त्यांतलेंच एक आहे. ऊन पडलें कीं तांब्या निघतो, आभाळ आलें कीं पळी निघते.

कुंड्यांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. त्या जमिनीवर टेंकवून न ठेवतां दोन विटांवर ठेवाव्या, म्हणजे तळाचें भोंक मोकळें राहतें. खालच्या ताटल्या मेपासूनच काढून टाकाव्या. एरव्हीं त्या उन्हाळ्यांत ओल धरावयास चांगल्या. पण पावसाचें स्वच्छ साचलेलें पाणी हेंच डेंग्यूच्या डासाचें बाळंतघर. अंड्यापासून उडणारा डास व्हावयास सात ते दहा दिवस पुरतात, आणि कोरड्या कडेला चिकटलेलीं अंडीं महिनोन् महिने वाट पाहत बसूं शकतात. म्हणून ताटली नुसती उलटी करून भागत नाहीं. ती घासून पुसावी. हें काम घरांतील मुलांवर सोंपवावें, त्यांना त्यांत मौज वाटते.

मोगऱ्याची निराशा सर्वांत मोठी. वर्षभर आपण त्याची मनधरणी करतों. थंडींत पाणी तोडावें, पानें ओरबाडावीं, छाटावा, आणि उन्हें चढूं लागलीं कीं खत-पाणी द्यावें, तेव्हां कोठें तो नव्या फुटीवर कळ्या धरतो. त्या कळ्यांवर चार दिवस पाऊस राहिला कीं त्या तपकिरी होऊन न उमलतांच गळतात. मोगरा कुंडींत असेल तर वळचणीखालीं घ्यावा. जमिनींत असेल तर सोसावें. भिजलेल्या कळ्या खुडून टाकाव्या, खत मुळींच देऊं नये, आणि ऊन परतल्यावर शेंडे हलके छाटावे. बोगनवेल तर पाणी तुटल्याशिवाय रंग दाखवीतच नाहीं. ओल्या मे महिन्यांत ती नुसतीं हिरवीं पानें फेंकते. तींत तिचा दोष नाहीं. गुलाबावर काळे ठिपके दिसले तर तेवढीं पानें काढून टाकावीं, मोठी छाटणी मात्र पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरांतच करावी. कढीलिंब आणि अळू यांची अशा वर्षीं चैन असते.

गच्चीवर बागेशिवाय आणखी एक पीक निघतें, तें वाळवणाचें. कुरडईच्या इतका हवेचा विश्वास ठेवणारा पदार्थ दुसरा नसेल. गहूं तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावें, वाटून चीक काढावा, रात्रभर निवळूं द्यावा, शिजवावा आणि मग सोऱ्यानें पाडावा. म्हणजे गहूं भिजत घालतांना डोक्यावर जें आभाळ असेल तें कामाचें नाहीं. चौथ्या दिवसापासून पुढचीं दोन-तीन उन्हें आधीं ठाऊक पाहिजेत. चीक तयार झाल्यावर तर मागें फिरण्याची सोयच नाहीं. त्या मे महिन्यांत शेजारच्या एका घरीं नेमकें असेंच झालें. पांच किलो गव्हांचा चीक पातेल्यांत आणि पूर्वेकडे काळोख. त्या घरच्या थोरल्या काकूंनीं क्षणभर गच्चीच्या दारांत उभें राहून पाहिलें, सोऱ्या धुऊन फडताळांत ठेवून दिला, आणि चीक शिजवून तूप, दूध, साखर घालून इमारतींतल्या प्रत्येक बिऱ्हाडीं वाटीभर पाठविला. मुलांच्या मतें कुरडयांपेक्षां हाच प्रकार उत्तम. आमचेंहि खासगी मत निराळें नाहीं.

उडदाच्या पापडांचें तसें नाहीं. ते मुळांत सावलींतच वाळवावयाचे असतात, कडक उन्हानें उलट ते वांकडे होऊन तडकतात. तेव्हां बेभरंवशाच्या वर्षीं पापड करावे, सांडगे थोडके करावे, कुरडयांचा हट्ट सोडावा. पंख्याखालीं वाळवण वाळतें, पण वरून कोरडें दिसलें तरी आंत ओल राहते; मोडून पाहावें. कट्कन तुटलें तर डब्यांत, लवलें तर पुन्हा पंख्याखालीं. आणि बुरशी धरलेली पापडी तळली म्हणजे शुद्ध झाली, हा समज कृपा करून घरांतून हद्दपार करावा. कांहीं बुरशींचें विष तळणाच्या उष्णतेला दाद देत नाहीं. शेंगदाण्यांच्या बाबतींत हें विशेष लक्षांत ठेवावें. काळवंडलेला किंवा कडवट दाणा निवडून टाकावा, कुटांत दडवूं नये.

येथें एक गोष्ट बोलून टाकतों. वर्षाचें वाळवण झालें नाहीं म्हणजे घराची रीत बुडाली, असें मानणारीं घरें अजून आहेत, आणि त्या रीतीपायीं दर तासाला चार जिने चढून चादरी आंत-बाहेर करणाऱ्या बाया आम्हीं त्या महिन्यांत पाहिल्या. त्यांतील कित्येक सकाळीं नोकरीवर जाऊन आलेल्या होत्या. ज्या पुरुषमंडळींना ताटांत कुरडई लागते त्यांनीं निदान एकदां गच्चीवर जाऊन चादरीचें एक टोंक धरावें; मग कुरडयांविषयींचें त्यांचें मत आम्ही आदरानें ऐकूं.

लोणच्याचा प्रश्न त्या मानानें सोपा. बरणी उन्हांत तापविण्याचा हेतु ती कोरडी ठणठणीत व्हावी एवढाच. गरम पाण्यानें धुऊन, पुसून, भट्टींत मंद आंचेवर ठेवली तरी तें साधतें. पावसांत भिजलेल्या कैऱ्या घेणें टाळावें. घ्याव्या लागल्याच तर पुसून रात्रभर पसरून ठेवाव्या, आणि फोडी मीठ-हळद लावून सुटलेलें पाणी निथळूं द्यावें. किलोभर फोडींस २०० ते २५० ग्रॅम मीठ, याहून हात आंखडूं नये. बुरशीला हवा लागते, म्हणून फोडींवर दोन बोटें तेल पाहिजे. उन्हांत मुरणारा छुंदा अशा वर्षीं सरळ गॅसवर करावा.

सालाचें धान्य भरणाऱ्यांनीं मात्र हात आंवरावा. उन्ह न दाखवितां कोठींत गेलेला गहूं कितीहि कडुनिंबाचा पाला घातला तरी किडतोच. दांताखालीं दाणा कट् वाजत नसेल तर तो भरण्याजोगा नाहीं. दोन महिन्यांपुरतें घ्यावें, बाकीचें दिवाळीनंतर पाहावें. तूरडाळीस एरंडेल चोळून ठेवण्याची जुनी रीत उत्तम आहे, पण ती कोरड्या डाळीसाठीं.

ज्यांच्या दारांत आंब्याचें एखादें झाड आहे त्यांनीं पडके आंबे तसेच राहूं देऊं नयेत. मोसमाच्या शेवटीं पाऊस लागला कीं फळावर करप्याचे काळे डाग येतात आणि फळमाशीची अळी पडते. ती अळी पडक्या फळांतून मातींत उतरते आणि तेथेंच कोषांत जाते. फळें गोळा करून दोन फूट खोल पुरावीं. कोंकणांतले आमचे आप्त हें करतातच; परंतु त्या वर्षीं त्यांचे शेवटचे आंबे पेटींत भरण्याआधींच डागाळले, आणि भातरोपाचीहि पंचाईत झाली. तेथें रोहिणींत कोरड्या धुळीच्या वाफ्यांत भात पेरण्याची चाल आहे. धूळच उरली नाहीं तर धूळवाफ कोठून करणार? पुष्कळांना बियांना मोड आणून चिखलांत फेंकावें लागलें.

राहिली पेरणी. सगळ्यांत मोठा मोह तोच. २६ मेला पाऊस आल्याचें जाहीर झालें, माती भिजलेली, हवा गार. कोणाचे हात शिवशिवणार नाहींत? आणि मग २९ मेच्या सुमारास मोसमी पावसाची चाल थबकली ती जवळजवळ जूनच्या मध्यापर्यंत. कृषिखात्यानें शेतकऱ्यांस घाई न करण्याचें बजावलें होतें. ८० ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याखेरीज पेरूं नये, हा त्या खात्याचा नेहमींचा सल्ला. शेतकऱ्याला दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बियाण्याचें कर्ज. आपल्याला ती फार तर बियांच्या एका पुडीची किंमत, म्हणून आपण बेफिकीर. पण इमारतीच्या कुंपणाकडेला ज्यांनीं २७ तारखेस दोडकें, कारलें, पडवळ लावलें, त्यांचीं रोपें आधीं ओल्या मातींत बुंध्याशीं कुजून कोलमडलीं, उरलीं तीं गोगलगायींनीं खाल्लीं, आणि त्यांतूनहि वांचलेलीं पुढच्या कोरड्या उन्हांत करपलीं.

आमच्या वहिनींनीं निराळी तोड काढली होती. प्रत्येक पुडींतलें अर्धें बीं त्यांनीं मेअखेरीस लावलें आणि अर्धें डब्यांत ठेवून दिलें. दुसरा अर्धा वांटा त्यांनीं १५ जूननंतर, सलग तीन दिवस पाऊस झाल्यावर बाहेर काढला. कारल्याचें बीं रात्रभर कोमट पाण्यांत भिजविलें, आळीं खोलगट न ठेवतां मातीचा उंचवटा करून त्यावर लावलें, भोंवतीं राख पसरली. पहिल्या खेपेचें एक दोडक्याचें वेल तेवढें जगलें होतें, तेंहि खुरटलेलें. दुसऱ्या खेपेचे वेल आषाढांत मांडवावर चढले. त्या वर्षीं ऋषिपंचमी २८ ऑगस्टला होती. बैलाच्या कष्टाचें कांहीं चालत नाहीं त्या दिवसाच्या भाजीला दोडकीं, पडवळ आणि अळू घरचें निघालें, भेंड्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंडींतल्या आल्या, आणि आजींनीं देठाच्या तुकड्यापर्यंत सगळें स्वतः चिरलें.